रात्रीचा खोकला आणि डब्यात लपवलेला पंप

मुकुंदवाडीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून देत नाही. पण पत्रातले दुखणे तिच्या एकटीच्या घरचे नाही, म्हणून आजचे संपूर्ण सदर त्या पत्रालाच दिले आहे.

तिची मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकते. पती वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. दिवाळी सरली, थंडी पडली की मुलीचा खोकला सुरू होतो. दिवसा बरी असते. रात्री दोन-तीनच्या सुमारास उठून बसते आणि खोकून खोकून बेजार होते. शेवटी उलटी होते, तेव्हा कुठे डोळा लागतो. शाळेत धावली, खूप हसली तरी ढास लागते. दोन वर्षांत तीन दवाखाने झाले. दर वेळी एक इंजेक्शन, एक खोकल्याची बाटली, कधी वाफ. चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मागच्या महिन्यात एका डॉक्टरांनी शांतपणे सगळे विचारून घेतले, छाती तपासली आणि सांगितले, "हा बाळदमा आहे." त्यांनी पंप लिहून दिला.

बहिणीने पंप घरी आणला आणि घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "पंप एकदा तोंडाला लागला की मरेपर्यंत सुटत नाही. आणि मुलीची जात आहे. उद्या सोयरीक जमवताना काय सांगणार, पोरगी दम्याची आहे म्हणून?" त्या दिवसापासून पंप पिठाच्या डब्यामागे एका स्टीलच्या डबीत पडून आहे. बहीण विचारते, "ताई, पंप देऊ की नको?"

बहिणी, उत्तर एका शब्दात देते. दे. हा अंक हातातून खाली ठेवशील तेव्हा आधी ती डबी उघड. का द्यायचा आणि कसा द्यायचा, ते आता सविस्तर सांगते. सासूबाईंनाही हे वाचून दाखव. त्या नातीच्या वैरी नाहीत. त्यांनी जे ऐकले तेच त्या सांगत आहेत.

खोकला कशाचा, हे आधी ओळखा

प्रत्येक खोकला दम्याचा नसतो. सर्दीचा खोकला आठ-पंधरा दिवसांत जातो. दम्याचा खोकला जातो आणि परत येतो. तो रात्री आणि पहाटे जास्त असतो. धावण्याने, हसण्याने, थंड वाऱ्याने, धुराने, धुळीने वाढतो. पुष्कळदा छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, पण काही मुलांना नुसताच खोकला असतो, शिट्टी वाजत नाही. घरात कुणाला दमा, सतत शिंका किंवा अंगावर खाज-चट्टे यांचा त्रास असेल तर संशय बळावतो.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर दमाच असेल असे धरून बसू नये. खोकला दोन आठवड्यांच्या वर सतत आहे, ताप येतो, वजन घटते किंवा घरात कुणाला क्षयरोग आहे, तर आधी क्षयाची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, उपचारही मोफत मिळतात. शेंगदाणे, फुटाणे खाता खाता मूल अचानक ठसकले आणि तेव्हापासून खोकला थांबेना, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तिथे पंप चालणार नाही, थेट मोठे रुग्णालय गाठावे. ताप आणि जोराचा श्वास असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त भरले तर उशीर करू नये.

बाटलीने खोकला का जात नाही?

आपल्या छातीत श्वासनळ्यांचे झाड असते, उलटे टांगलेले. बुंधा घशाशी आणि फांद्या खाली पसरलेल्या. दम्याच्या मुलाच्या या नळ्या आतून सुजलेल्या, हळव्या असतात. धूर, धूळ, थंडी लागली की नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. अरुंद नळीतून हवा ओढताना मूल खोकते. म्हणजे खोकला हा मूळ आजार नव्हे. आत सूज आहे, हे शरीर ओरडून सांगत असते.

दुकानातून आणलेली खोकल्याची बाटली त्या ओरडणाऱ्याचे तोंड दाबते. सूज तशीच राहते. शिवाय या बाटल्या नेहमी निर्धोक असतात असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलांचे बळी घेतले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलवाल्याकडून "खोकल्याचे काहीतरी द्या" म्हणून बाटली आणू नये.

पंपाची सवय लागते का?

नाही. सवय दारूची लागते, तंबाखूची लागते. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही, त्याला त्याची गरज असते. पंपाचेही तसेच आहे. कित्येक मुलांचा दमा मोठेपणी कमी होतो, तेव्हा डॉक्टर पंप हळूहळू कमी करतात, काहींचा बंदही होतो.

लोक म्हणतात, पंप "जास्त पॉवरचा" असतो. इथे थोडा हिशेब करू. नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे नाव सालब्युटामॉल. त्याच्या पातळ औषधाच्या ५ मिलीच्या चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे बाटलीच्या एका चमच्यात २० पफांइतके औषध झाले! चमच्याचे औषध पोटात जाते, रक्तात मिसळते, सर्व अंगभर फिरते. त्यामुळे हात थरथरतात, छाती धडधडते आणि थोडेसेच औषध नळीपर्यंत पोहोचते. पंपाचे औषध थेट नळीत जाते, म्हणून थोडे पुरते. तर मग "जास्त पॉवरचे" कोणते? ज्याला आपण साधे समजतो ती बाटलीच.

दोन पंप, दोन कामे

इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो, म्हणून नीट लक्षात घ्या.

पहिला पंप आरामाचा. त्यात सालब्युटामॉल असते आणि तो बहुधा निळ्या रंगाचा असतो. आवळलेला स्नायू तो पाच-दहा मिनिटांत सैल करतो. पण आतली सूज त्याने उतरत नाही. चार-सहा तासांनी असर संपतो.

दुसरा पंप बचावाचा. त्यात सूज उतरवणारे औषध असते, बुडेसोनाइड किंवा त्याच जातीचे दुसरे. तो घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. म्हणून आया म्हणतात, "याचा काही उपयोग नाही", आणि बंद करतात. पण आजार खऱ्या अर्थाने धरून ठेवतो तो हाच. तो रोज द्यायचा असतो, मूल ठणठणीत दिसत असले तरी. दोन-चार आठवड्यांत रात्रीचा खोकला कमी होऊ लागतो. तेव्हाही आपल्या मनाने बंद करू नये.

याच पंपात "स्टिरॉइड" आहे हे ऐकून लोक घाबरतात. भीती खोटी नाही, पण तिचेही माप पाहिले पाहिजे. लहान मुलाला रोज साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध लागते. तेच मूल बचावाच्या पंपाशिवाय राहिले आणि मोठा अटॅक आला, तर वीस किलोच्या मुलाला स्टिरॉइडच्या गोळ्याच २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि त्याही तीन ते पाच दिवस द्याव्या लागतात. औषधे वेगळी आहेत, तुलना काटेकोर नाही, पण कोणते माप मोठे ते कुणालाही कळेल. दीर्घकाळ पंप घेणाऱ्या मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे अभ्यासात दिसले आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या मुलाची वाढही खुंटते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायला लावावे, म्हणजे तोंड येत नाही.

२०१९ च्या जागतिक पाहणीनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण आठांत एक भारतात आहे, पण दम्याने मरणाऱ्यांत दहापैकी चाराहून अधिक भारतीय आहेत. आजार इतरांसारखाच, मरण मात्र आपल्या वाट्याला जास्त. बचावाचे औषध न मिळणे किंवा मिळूनही डबीत पडून राहणे, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

बाटली फेकू नका, तिचा उपयोग आहे

पंप नुसता तोंडात धरून दाबला तर लहान मुलाला श्वासाचा मेळ जमत नाही आणि औषध घशालाच चिकटते. म्हणून मध्ये पोकळ नळकांडे लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. तीन-चार वर्षांखालील मुलांसाठी त्याला मास्क असतो. स्पेसर एकदा घेतला की बराच काळ चालतो. पण ज्यांना तोही परवडत नाही त्यांनी ऐकावे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी थंड पेयाच्या ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर करून मुलांवर तपासला. पंप बसवलेली जागा नीट बंद केली तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते, असे त्यांना १९९९ साली दिसून आले.

कृती सोपी आहे. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, आतून न पुसता उपडी ठेवून वाळवावी. पुसली तर प्लास्टिकला औषध चिकटते. तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडावे. तार तापवून पाडले की कडा गुळगुळीत येतात, पण हे काम मोठ्या माणसाने करावे. पंप भोकात घट्ट बसवून भोवती चिकटपट्टी लावावी. हवा निसटता कामा नये. मुलाने बाटलीचे तोंड ओठांत घट्ट धरावे. पंप हलवून एकच पफ दाबावा. मुलाने सावकाश पाच-सहा श्वास बाटलीतूनच घ्यावे. अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा पंप हलवून दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबू नयेत. पहिल्यांदा डॉक्टर किंवा नर्ससमोर करून दाखवावे आणि बरोबर आहे का ते विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दवाखान्यात वाफ म्हणून जे नेब्युलायझर लावतात, त्यातही पुष्कळदा सालब्युटामॉलच असते. साध्या अटॅकला स्पेसर लावलेला पंप त्या वाफेइतकेच काम करतो. हे समजले तर रात्री-अपरात्री रिक्षाला जाणारे कितीतरी पैसे वाचतील. काहींना पंपाऐवजी कॅप्सूल फोडून ओढायचे यंत्र देतात. ती कॅप्सूल गिळायची नसते, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवावे.

घरातला धूर कुठून येतो?

आपण बाहेरच्या हवेला दोष देतो, पण आधी घरात पाहू. चूल, शेगडी, डास मारायची कॉइल, बिडी, मिरचीची फोडणी आणि मिसरी भाजणे! तव्यावर तंबाखू भाजताना मोठ्या माणसालाही ठसका लागतो, मग दम्याच्या मुलीचे काय होत असेल? मिसरी सोडता आली तर उत्तमच. निदान घरात भाजू नये. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. वडिलांनी बिडी-सिगारेट घराबाहेर ओढून चालत नाही, कारण धुराचा अंश कपड्यांना लागून आत येतो. सोडावी हेच खरे.

आता एक नाजूक गोष्ट. संध्याकाळच्या बुद्धवंदनेला आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. दहा बाय दहाच्या खोलीत अगरबत्तीचा धूर मुलाच्या छातीत बसतो. वंदना सोडा असे मी म्हणत नाही. अगरबत्ती सोडून फुले वाहावीत. तथागतांनी फुला-चंदनाच्या सुगंधापेक्षा शीलाचा सुगंध श्रेष्ठ मानला. वंदनेच्या वेळी मूल खोकत असेल तर धूर बंद करणे हेच शील. विहार समित्यांनीही याचा विचार करावा.

गोधड्या-चादरी उन्हात घालाव्यात. झाडताना मुलाला बाहेर पाठवावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे. झुरळांचा बंदोबस्त करावा. भिंतीची ओल काढता येत नसेल तर मुलाचे अंथरूण तरी तिथून हलवावे. उन्हाळ्यात कूलरची जुनी, बुरसटलेली गवताची ताटी बदलूनच कूलर लावावा. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर माजणारे गाजर गवत फुलायच्या आत उपटावे, हातात पिशवी घालून.

आणि बाहेरचा धूर? २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात कचरा साचला आणि ठिकठिकाणी पेटवला गेला. तेव्हा कुठे इतर वस्त्यांना कळले की नारेगावकर वर्षानुवर्षे काय सोसत होते. वस्तीत कचरा जाळू देऊ नये, जाळणाऱ्याला समजवावे, नाही ऐकले तर महिला मंडळाने मिळून महानगरपालिकेत तक्रार द्यावी. १९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. हवा तर पाण्याहूनही आधी लागते.

खाण्याचे पथ्य म्हणून केळी, दही, भात सरसकट बंद करू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतोच असे दिसले तर तेवढाच टाळावा. आधीच कृश असलेल्या मुलाचे ताट रिकामे करून दमा जात नाही.

बिब्बा, मासा आणि कालाम

माझ्या थोरल्या भावाच्या छातीवर बिब्ब्याचे डाग आजही आहेत. लहानपणी त्याला अशीच धाप लागायची. आमच्या आजीने कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा घातला. फोड आले, चिघळले, दमा तसाच राहिला. आजीचे प्रेम खोटे नव्हते, ज्ञान मात्र नव्हते. आपल्याला आज ते आहे, म्हणून आपल्याला ती सूट नाही.

दर वर्षी जूनमध्ये, मृग लागताना, हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायला देतात. मराठवाड्यातूनही लोक मुलांना घेऊन जातात. त्या औषधात काय आहे हे उघड केलेले नाही आणि त्याने दमा बरा होतो असा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. श्वास घ्यायला धडपडणाऱ्या लेकराच्या घशात जिवंत मासा घालायचा आणि त्या भरवशावर पंप बंद करायचा, हा धोका कशासाठी?

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले की, परंपरेने आले, पुष्कळांनी सांगितले, एवढ्यावरून मानू नका. स्वतः पारखा आणि जे हिताचे ठरेल ते धरा. आईने पंपाचीही अशीच पारख करावी. त्यासाठी एक शंभर पानी वही घ्या. दर रविवारी चार प्रश्नांची उत्तरे लिहा.

१) या आठवड्यात दिवसा दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का?
२) रात्री खोकल्याने जाग आली का?
३) निळा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का?
४) खेळणे, शाळा अडली का?

मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात "दोन"ऐवजी "एक" वाचावे. चारही उत्तरे "नाही" असतील तर दमा आटोक्यात आहे. "हो" येत असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. किती पफ वापरले तेही लिहावे. पंपावर २०० पफ लिहिले असतील तर २०० नंतर तो रिकामा समजावा. नंतरही फुसफुस आवाज येतो, पण त्यात औषध नसते.

अटॅक आला तर

मुलाला बसते ठेवा, झोपवू नका. स्वतः घाबरला तरी आवाज शांत ठेवा. निळ्या पंपाचे २ ते ४ पफ, एकेक करून, स्पेसरमधून द्या. डॉक्टरांनी वेगळे प्रमाण लिहून दिले असेल तर तेच पाळा. २० मिनिटांत आराम नाही पडला तर पुन्हा द्या. असे तासाभरात तीन वेळा देता येते. पण दुसऱ्यांदा द्यावे लागले की निघण्याची तयारी करा आणि आराम पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर वाट पाहू नका: मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, मूल गुंगीत जाते किंवा खूप धाप असूनही छातीतला आवाज एकाएकी बंद होतो. आवाज बंद झाला म्हणजे बरे वाटले असे नव्हे, हवाच जात नाही असा त्याचा अर्थ. १०८ ला फोन करा आणि वाटेत पफ देत राहा.

१४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या गेटवर, १४ ऑक्टोबरला लेण्यांवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गर्दी असते, धूळ असते, थंडी असते. निळा पंप आणि स्पेसर पिशवीत सर्वांत वर ठेवावा. जाऊ नका असे म्हणत नाही, पण पंप घरी विसरून जाऊ नका.

कुठे जावे?

ज्यांची कंपनी कामगार विम्यात पैसे भरते, त्यांच्या बायका-मुलांनाही त्यातून उपचार मिळतात. चिकलठाण्याला कामगार विमा रुग्णालय आहे. पगारातून पैसे कापले जातात आणि घरी कार्डच काढलेले नसते, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. हा हक्क सहज आलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते पाहत होते. त्याच काळात प्राध्यापक अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि १९४८ साली कायदा झाला. बहिणी, तुझ्या पतीला उद्याच कार्डाची चौकशी करायला सांग.

कार्ड नसेल तर घाटी आहेच. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि बालरोग विभागात दाखवावे. रांग मोठी असते, पण वही सोबत असली तर डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळे कळते. औषध बाहेरून घ्यावे लागले तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचा स्वस्त पंप आहे का, ते आधी विचारावे. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून सांगावे, निळा पंप दप्तरात ठेवावा.

मुलगी आहे म्हणून

शेवटी सासूबाईंच्या मनातल्या भीतीविषयी. ही भीती नुसती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. लग्नाच्या बाजारात मुलीचा आजार हेरला जातो आणि मुलाचा झाकला जातो, हे आपल्याही समाजात घडते. पण आजीबाई, सोयरिकीला अजून पंधरा वर्षे आहेत. रात्र आजची आहे. लपवलेल्या दम्याची मुलगी वर्गात पेंगते, खेळातून बाहेर बसते, शाळा बुडवते. पंप घेणारी मुलगी धावते, शिकते, नोकरी करते. पंधरा वर्षांनी दारात येणाऱ्यांना सांगायला कोणती मुलगी हवी? आणि जे घर पंप पाहून परत जाईल, ते घर तिच्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसले असते का?

आजार म्हणजे मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि घराण्याला लागलेला बट्टाही नव्हे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि संघाला समज दिली की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. रमाई आणि बाबासाहेबांनी आपली चार लेकरे लहानपणीच गमावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. आज औषध आहे, दवाखाना आहे, वाचता येते आहे.

मुकुंदवाडीच्या बहिणी, ती डबी उघड. रोज सकाळ-संध्याकाळ, दात घासण्याआधी, डॉक्टरांनी लिहून दिलेले पफ दे आणि चूळ भरायला लाव. पंप फळीवर सगळ्यांना दिसेल असा ठेव. महिन्याने वहीची चार पाने झाली की पुन्हा पत्र लिही. सासूबाईंना माझा जयभीम सांग.

आपली,
ताई